क्रॉस वाजतोय की ओ!

मागच्या गणपतीत पुतण्या पुण्याहून आला तो एकच विचार घेऊन: अंगणातली जीप विकून टाकायची. माझ्या थोरल्या भावाची ही गाडी. भाऊ गेल्यापासून ती कमीच चालते. विकण्याआधी एकदा बायको-मुलांना घेऊन आंबोली घाटानं सावंतवाडीला जाऊन यावं, असं पुतण्याच्या मनात होतं. कॅम्पातून एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, क्लच सोडला की खालून टक् करून आवाज येतो. हळू चालवली की चिमणी चिवचिवल्यासारखं होतं. एका गॅरेजात दाखवली, ते म्हणतात गिअरबॉक्स उतरवावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून तो तिथंच गाडी विकायला निघाला होता.

मी तीस वर्षं उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काढली. बेळगावचा हा भाग ओतकामाचा, क्रँकशाफ्टचा, हायड्रॉलिक पंपांचा. तिथं राहून एक सवय लागते, आवाज ऐकला की आधी स्वस्तातला भाग तपासायचा. ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडी दहा पावलं पुढं-मागं करायला सांगितली आणि खाली वाकायच्या आधीच म्हणाले, "क्रॉस वाजतोय की ओ, गिअरबॉक्स कुठला!"

नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी हा भाग पाहिलेला नसतो, म्हणून थोडं सांगतो. जीप, बोलेरो, जुनी ओम्नी, ट्रक, टेम्पो यांचं इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकांना. तो जोर नेणारी लांब पोकळ नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स चासीला बांधलेला, मागचा एक्सल मात्र पाट्यांवर खालीवर नाचणारा. दोघांना सरळ दांड्यानं जोडलं तर पहिल्याच खड्ड्यात काहीतरी तुटेल. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकता वाकता फिरणारा सांधा असतो, तो युनिव्हर्सल जॉइंट. त्याच्या पोटात अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा असतो. मिस्त्री लोक त्यालाच क्रॉस म्हणतात, आणि बोलण्यात सगळा सांधाच क्रॉस होऊन बसतो. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, त्यांना म्हणायचं कप. कपात सुईसारख्या बारीक रोलरांची रांग.

कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन गणितज्ञाचं नाव तिला चिकटलं, सतराव्या शतकात लंडनच्या रॉबर्ट हूकनं ती वापरली. मोटारीसाठी हा सांधा कारखान्यात बनवायला अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०४ साली सुरुवात केली. त्याआधी कित्येक मोटारींत चाकांना जोर सायकलसारख्या साखळीनं जायचा.

या सांध्याची एक खोड आहे आणि ती समजली की बाकीचं आपोआप समजतं. सांधा वाकलेला असेल तर पलीकडचा दांडा एकसारखा फिरत नाही. एका फेरीत तो दोनदा पुढं धावतो, दोनदा मागं रेंगाळतो. ३० अंशांच्या कोनात इकडून मिनिटाला १००० फेरे दिले तर तिकडचा वेग ८६६ आणि ११५५ यांच्यामध्ये झुलत राहतो. १० अंशांत हाच झोका जेमतेम दीड टक्क्याचा. पहिल्या सांध्यानं केलेला घोटाळा दुसरा सांधा उलटा करून पुसतो, पण त्यासाठी शाफ्टच्या दोन टोकांचे कान एकाच रेषेत हवेत. शाफ्ट मधल्या खाचांतून सुटून आला आणि जोडताना दोन-चार दाते इकडचे तिकडे झाले, की नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते. मग लोक टायर बदलतात, बॅलन्सिंग करतात, नशिबाला बोल लावतात.

हल्ली आमच्याकडची पोरं जीप उंच करून, रुंद टायर घालून चोर्ल्याच्या जंगलाकडे फिरवतात. हौसेला माझी ना नाही. पण गाडी उंच झाली की शाफ्टचा कोन वाढतो आणि वर सांगितलेला झोकाही वाढतो. जीपचा मागचा शाफ्ट मुळातच आखूड, त्यामुळे तिला हे जास्त सोसावं लागतं.

तपासणी घरी करता येते. सपाट जागा, इंजिन बंद, चारही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, मगच गिअर न्यूट्रल. सांध्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग दोन हातांनी धरून उलट दिशांना पिळायचा, मग वर-खाली ढकलून बघायचं. क्रॉस आणि कान यांच्यात जरासुद्धा खेळ दिसला तर तो गेला. शाफ्ट अख्खा थोडा फिरतो, पण सांधा घट्ट आहे, असं असेल तर तो डिफरन्शियलच्या दात्यांमधला खेळ, ते दुखणं वेगळं. कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसली तर आत ग्रीस संपून गंज सुरू झालाय. चिमणीचा आवाज तिथूनच येतो. आमच्या जीपच्या मागच्या सांध्यात भुकटी होती आणि खेळही होता.

पुतण्यानं विचारलं, "आवाजच तर आहे, सावंतवाडीला जाऊन आल्यावर करूया की?" मी सरळ नाही म्हणालो. आंबोलीचा उतार आपण खालच्या गिअरवर, इंजिनाच्या ओढीवर उतरतो. शाफ्ट तुटला की ती ओढ त्याच क्षणी जाते. विलिजच्या वंशातल्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रमही ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाला, म्हणजे शाफ्टच्या अलीकडे असतो. तो ओढून मागची चाकं थांबणार कशी? उरतो पायाचा ब्रेक. सुटलेला शाफ्ट गरगरत खाली आपटत असेल तर ब्रेकचा पाइपही त्याच्या तडाख्यात येऊ शकतो. आणि पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी त्यावर उचलली जाते. मागच्या सीटवर दोन लहान मुलं बसणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम काढलं. शाफ्ट उतरवला की न्यूट्रल, पहिला गिअर आणि अशा जीपचा हँडब्रेक, तिन्ही सारखेच, गाडी घरंगळणारच. म्हणून ठोकळे पुन्हा तपासले. मग फ्लँज, शाफ्ट आणि खाचांचा जोड यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा. खुणा झाल्याशिवाय मिस्त्री पान्याला हात लावत नाहीत, आणि मिस्त्रींची पारख मी यावरूनच करतो. सर्क्लिपा काढल्या, व्हाइसमध्ये एका बाजूला लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला मोठा, आणि दाबून कप बाहेर. कानांवर हातोडा मारायचा नाही. कान एकदा वाकला की नवा क्रॉस त्यात सरळ बसत नाही.

जुना क्रॉस पुसून पुतण्याच्या हातात दिला. टोकांवर बारीक उभ्या रेघा, नखाला लागत होत्या. हा सांधा आत पूर्ण फिरत नाही, नुसता झुलतो, त्यामुळे प्रत्येक सुई आपल्याच जागी घासत चर पाडते. ग्रीस नसलं की हे फार लवकर होतं. असा क्रॉस दुरुस्त होत नाही, बदलायचाच. शाफ्ट ठेवायचा की नाही, हे मात्र बघावं लागतं. नळीला पोचा नको, खाचांत फार खेळ नको, आणि कानाचं भोक मोठं झालेलं नको. नवा कप बोटानं ढकलून आत जात असेल तर तो शाफ्ट बाद. काही गाड्यांत क्रॉस कारखान्यातच ठोकून पक्का केलेला असतो, सर्क्लिप नसते. तिथं सहसा अख्खा शाफ्टच बदलतात.

ढिला कप वेल्डिंगचा टाका मारून बसवण्याची युक्ती महामार्गावर सर्रास चालते. माझा तिला साफ विरोध आहे. टाक्याच्या उष्णतेनं कपाचं कडक पोलाद मऊ पडतं, आणि पुढच्या वेळी कप निघत नाही तो निघतच नाही.

आमचा शाफ्ट ठीक निघाला. नवा क्रॉस घालताना ग्रीस निपल शाफ्टच्या बाजूला आणि हात पोचेल असा ठेवला. एका कपाची सर्क्लिप खाचेत बसेना. मिस्त्रींनी जोर न लावता कप परत काढला. एक सुई निसटून तळाशी आडवी पडली होती. ती उचलून ग्रीसमध्ये उभी केली, मग क्लिप टक् करून बसली. ग्रीस गननं चारही कपांच्या तोंडातून नवं ग्रीस डोकावेपर्यंत भरलं, खुणा जुळवल्या, बोल्ट आणि लॉकनट नवे लावले. दुपारी जेवायच्या आत सगळं संपलं. दोन क्रॉसची किंमत गिअरबॉक्सच्या त्या आकड्याशेजारी सांगायची सोयच नाही. जीप सध्या तरी अंगणातच आहे.

ज्यांच्याकडे स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या आहेत, त्यांच्याकडे हा क्रॉस नसतो. तिथं सहा गोळ्यांचा सीव्ही जॉइंट असतो, त्यात वेगाचा झोका नसतो. त्याच्यावर रबरी बूट. खानापूर रस्त्याच्या लाल चिखलात फिरून आलात तर चाकामागं वाकून बूट फाटलाय का बघा. वेळेत सापडला तर नुसता बूट बदलून भागतं. पूर्ण वळवताना कटकट आवाज यायला लागला म्हणजे सांधाच गेला.

शेवटचं निपाणीकडच्या, घरी शेती असलेल्या मुलांसाठी. ऊस आणि तंबाखूच्या रानात ट्रॅक्टरमागं रोटाव्हेटर चालतो, त्याचा पीटीओ शाफ्टही याच क्रॉसवर फिरतो, मिनिटाला साधारण ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. वरचं प्लास्टिकचं आवरण ग्रीस करताना अडचण होते म्हणून बरेच जण काढून फेकतात. धोतराचा सोगा, ओढणी किंवा टॉवेलचं टोक त्या क्रॉसच्या कानात अडकलं तर 'अरे' म्हणेपर्यंत अंगाला वेढे पडलेले असतात. सुट्टीला गावी गेलात तर आधी ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात घाला, मग आवरण आहे का बघा. नसेल तर निपाणीत मिळतं, कोल्हापुरात मिळतं, आजोबांना विचारायलाही थांबू नका.