शेजारची खुर्ची रिकामी असताना

चिपीच्या सड्यावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळ सुरू झाला. तेव्हापासून सिंधुदुर्गातल्या घरांत विमान हा नेहमीच्या बोलण्यातला विषय झाला आहे. बोलणं होतं ते मुंबईच्या फेरीचं, तिकिटाचं, पावसात रद्द झालेल्या उड्डाणाचं. एका इंजिनाचं लहान विमान आणि त्यात एकटाच बसलेला वैमानिक याविषयी मात्र आपल्या कल्पना बहुतेक सिनेमातून आलेल्या असतात. वैमानिक व्हायचं म्हणून इथून बारामती, धुळे किंवा गोंदिया गाठणाऱ्या मुलामुलींना हाच टप्पा आधी पार करावा लागतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी स्वतःवर असते. त्या तासांत बहुतेक वेळा शेजारी इन्स्ट्रक्टर नसतो.

एकट्या वैमानिकाचं लक्ष विचलित होतं ते बेफिकिरीमुळे, हा सर्वांत मोठा गैरसमज. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात एक सेस्ना १५० विमान रात्री पडलं आणि दोघे गेले. त्याआधीच्या उड्डाणांत वैमानिक मोबाइलवर सेल्फी काढत असल्याचं विमानातल्या कॅमेऱ्यात सापडलं, आणि कमी उंचीवर मोबाइलमध्ये अडकलेलं लक्ष हे चौकशी अहवालानं अपघाताला हातभार लावणारं कारण मानलं. अशा बातम्या लक्षात राहतात. पण जास्त धोका मोबाइलपेक्षा साध्या, रास्त, तातडीच्या वाटणाऱ्या कामांचा असतो. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं मोठं जेट फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं आणि सुमारे शंभर माणसं गेली. कारण काय, तर चाकं खाली आल्याचं दाखवणारा एक दिवा लागत नव्हता. कॉकपिटमध्ये चार जण होते आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. तेवढ्यात ऑटोपायलटनं उंची धरून ठेवणं सोडलं होतं, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्यांच्यातला एकही जण निष्काळजी नव्हता. चौघांचं असं होतं, तर एकट्याला वेगळी शिस्त लागणारच.

लहान विमानात त्या दिव्याची जागा बऱ्याचदा दरवाजा घेतो. कडी नीट बसलेली नसली, तर उड्डाण होताच दार किलकिलं होतं. वारा घोंगावतो, कागद उडतात, हेडसेटमध्ये नुसता आवाज भरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आता विमान पडणार. वस्तुस्थिती अशी की बहुतेक लहान विमानं दार उघडं असतानाही व्यवस्थित उडतात. अपघात होतो तो दार ओढायला वळलेल्या वैमानिकामुळे: एक हात दाराला, नजर दाराकडे, जमीन अजून जवळ, आणि नाक नकळत वर किंवा खाली गेलेलं. म्हणून शिकवलं जातं ते असं: दाराकडे बघू नकोस, सरळ चढ, नेहमीच्या उंचीवर नेहमीचा फेरा घे, उतर आणि दार जमिनीवर लाव. हे वाचायला सोपं आहे. पण कानाशी वारा किंचाळत असताना हात दाराकडे न नेण्यासाठी आधी जमिनीवर बसून त्या प्रसंगाची मनात उजळणी केलेली असावी लागते.

दुसरी समजूत अशी की चांगल्या वैमानिकाला एका वेळी चार कामं करता येतात. तसं कुणालाच येत नाही. मन एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारतं, आणि प्रत्येक उडीत आधीच्या कामाचा एखादा धागा सुटतो. म्हणून जगभर एकच क्रम शिकवतात: आधी विमान उडव, मग दिशा बघ, मग बोल. बोलणं शेवटी. नियंत्रण कक्षानं काही विचारलं आणि त्याच क्षणी हात गुंतलेला असला, तर ‘स्टँडबाय’ एवढा एक शब्द पुरतो. तो उद्धटपणा नाही, रेडिओवरची मान्य पद्धत आहे. आपल्याकडच्या मुलांना हे मुद्दाम सांगायला हवं असं मला फार वाटतं. मोठ्या माणसानं विचारलं की लगेच उत्तर द्यायचं, हे आपण त्यांच्या अंगात मुरवलेलं असतं. हवेत मात्र उत्तर दहा सेकंद थांबू शकतं, विमान थांबू शकत नाही.

‘आता काय, जीपीएस आहे, टॅबलेट आहे, एकट्यालाही सोपं झालं.’ हेही अर्धंच खरं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एकटे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. १९३५ मध्ये टाटांची सेवा मुंबईहून गोवा, कण्णूरमार्गे त्रिवेंद्रमपर्यंत गेली. नकाशावर मुंबई ते गोवा सरळ रेघ ओढली तर ती कुडाळ-मालवणच्या आसपासूनच जाते. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी वैमानिक आरोही पंडित हिनं जेआरडींच्या उड्डाणाच्या स्मरणार्थ भुज ते जुहू असा प्रवास एकटीनं, जीपीएस आणि ऑटोपायलटशिवाय केला. दोन वर्षं आधी याच लहानशा ‘माही’ विमानातून तिनं अटलांटिक एकटीनं ओलांडला होता. उपकरणं टाकून द्या असा याचा अर्थ नाही. पण उपकरण नजर आत ओढून घेतं आणि पडद्यावर बोट फिरवता फिरवता वेळ किती गेला हे कळत नाही. १०० नॉटनं जाणारं विमान सेकंदाला सुमारे ५१ मीटर कापतं. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ला जेवढा दूर, तेवढं अंतर जायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. समोर आलेलं विमान दिसणं, ओळखणं, निर्णय घेणं आणि आपलं विमान वळणं यालाही अमेरिकी विमान प्रशासनाच्या हिशेबानं साडेबारा सेकंद लागतात. पडद्यात गुंतण्यापेक्षा किनाऱ्यावरची विजयदुर्गची खाडी, देवगड, मालवणचा किल्ला, देवबागला कर्ली समुद्राला मिळते ती जागा आणि वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचा दीपस्तंभ हा क्रम निघण्याआधीच पाठ असेल, तर पडद्याकडे नुसती नजर टाकली तरी भागतं.

मग सतत बाहेर बघत राहिलं की झालं? तेही नाही. वरून किल्ला दिसला की त्याला पंखाच्या टोकाशी धरून गोल फिरावंसं वाटतं. नजर तटबंदीवर खिळते, वळण आवळत जातं. उंची राखून ४५ अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख वजन पेलणं सोडतात तो वेग, सरळ उड्डाणापेक्षा १९ टक्के जास्त असतो. ६० अंशांवर तो ४१ टक्क्यांनी वाढतो. अलास्कात मूस या मोठ्या हरणाभोवती कमी उंचीवर घिरट्या घालताना असे इतके अपघात झाले की तिथल्या वैमानिकांनी या प्रकाराला त्या प्राण्याचंच नाव दिलं. किल्ला जरूर बघावा, पण उंचावरून, मोठ्या वळणानं आणि दर काही सेकंदांनी नजर वेगाच्या काट्यावर आणून.

गप्पा बंद ठेवण्याचा नियम फक्त प्रवासी विमानांसाठी असतो, असं म्हणतात. कायद्याच्या दृष्टीनं ते बरंचसं बरोबर आहे. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतल्या शार्लटला उतरताना कॉकपिटमधल्या अवांतर गप्पांमुळे एक विमान पडलं, ७० हून अधिक माणसं गेली. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेनं १०,००० फुटांखाली अनावश्यक बोलण्यावर बंदी घातली. लहान विमान तर बहुतेक वेळ त्या उंचीखालीच असतं. म्हणून शहाणे वैमानिक आपली मर्यादा स्वतः आखतात: विमान जमिनीवर चालत असताना, चढताना, उतरताना काहीही अवांतर नाही. सोबत कुणी बसलं असेल तर त्याला हे आधीच सांगून ठेवावं. दुसरं विमान किंवा घारींचा थवा दिसला तर मात्र त्यानं लगेच बोलावं.

घरच्यांचाही यात वाटा आहे. ‘चारला पोचतो’ असं एकदा सांगितलं, की वैमानिकाचं मन घड्याळाशी बांधलं जातं. वाटेत ढग दिसले तरी वळसा घालणं नकोसं होतं. त्यापेक्षा ‘चार ते सहाच्या दरम्यान, नाहीतर उद्या’ असं सांगून निघावं आणि घरच्यांनी ते तसंच मान्य करावं.