‘विसरून जा’ म्हणजे नक्की काय करायचं?

ब्रेकअप झालेल्या मुलाला किंवा मुलीला हा सल्ला सगळेच देतात. कसं विसरायचं, ते कुणीच सांगत नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या सेंट लुइस शाखेतल्या सँड्रा लँगेस्लाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नेमका हा ‘कसं’चा भाग तपासला. नातं तुटून व्याकूळ झालेल्या २४ जणांना त्यांच्याच पूर्वजोडीदाराचे फोटो दाखवले आणि त्याआधी मनाला वेगवेगळी कामं दिली. एकदा त्या व्यक्तीच्या खटकणाऱ्या सवयी आठवायच्या. एकदा ‘अजून प्रेम वाटतंय, त्यात गैर काही नाही’ असं स्वतःला सांगायचं. एकदा आवडत्या पदार्थासारखं भलतंच काही मनात आणायचं.

दोष आठवले की प्रेम ओसरलं, पण मूड बिघडला. (साहजिकच आहे, ज्याच्यावर जीव टाकला त्याचे अवगुण मोजणं काही सुखाचं काम नाही.) लक्ष वळवल्यावर बरं वाटलं, प्रेम मात्र तसूभरही हललं नाही. भावना मान्य केल्याने प्रेम आणि मूड दोन्ही जिथल्या तिथे.

खरी गंमत ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विद्युत हालचालींच्या नोंदीत, दिसली. तिन्ही उपायांनी फोटो पाहताना मेंदूत उमटणारा, लक्ष वेधलं जाण्याशी निगडित विद्युत प्रतिसाद क्षीण झाला. प्रयोग लहान आहे, परिणामही तेवढ्यापुरता. एका बैठकीत कुणी प्रेमातून बाहेर पडत नाही. तरी ज्यांना रोज त्याच वर्गात, त्याच कँटीनमध्ये ‘ती’ किंवा ‘तो’ दिसणार आहे, त्यांच्यासाठी मला मेंदूचा प्रतिसाद क्षीण होण्याचा हाच निष्कर्ष सर्वांत उपयोगी वाटतो.