वाळूचं पांघरूण

मुलांनो, थंडीच्या रात्री तुम्ही काय पांघरता? गोधडी, रजई, नाहीतर आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली मऊ वाकळ, होय ना? पण एका मुलीने आणि तिच्या भावाने चक्क वाळू पांघरली होती! पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी पडली होती. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, डोक्यावर छप्पर नाही. मग त्या दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत शिरले आणि मानेपर्यंत वाळू ओढून घेतली.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. आई लक्ष्मीबाईंनी लहानग्या रमेला संस्कृत शिकवलं. त्या काळी मुलींना असं शिकवणं म्हणजे नवलच होतं, बरं का! हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरे, पुराण सांगे आणि लोक देतील त्यावर गुजराण करी. पण पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांचेच खायचे वांधे, तिथे पुराण कोण ऐकणार? या कुटुंबाने झाडांचा पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं पायी पायी देशभर हिंडले. कधी झाडाखाली झोपले, कधी पुलाखाली.

१८७८ मध्ये ती दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

आता जरा विचार करा हं. वाळूत झोपणारी मुलगी आणि 'सरस्वती' ही काही दोन वेगवेगळी माणसं नव्हती. हजारो श्लोक तिला तेव्हाही पाठ होते. फरक एवढाच, की कलकत्त्यात तिला कोणीतरी विचारलं, "तुला काय येतं?"

पुढे भाऊ वारला. लग्न झालं, पण दोन वर्षांच्या आतच पतीही वारले. पदरात तान्ही मुलगी, मनोरमा. १८८३ मध्ये रमाबाई शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमध्ये ख्रिस्ती जोगिणींनी चालवलेला एक आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना त्या जोगिणी प्रेमाने सांभाळत होत्या. रमाबाईंना नवल वाटलं. यांना हे करायला सांगितलं कोणी? तेव्हा एका जोगिणीने त्यांना बायबलमधली गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची ती गोष्ट. लोक तिला हलकी समजत. येशूने मात्र तिच्याकडे पाणी मागितलं आणि तिच्याशी आदराने बोलला. येशूची आणखी एक शिकवण आहे. जो भुकेल्याला जेवू घालतो, परक्याला घरात घेतो, तो जणू देवालाच घरात घेतो. रमाबाईंना हे पटलं. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईला विधवांसाठी 'शारदा सदन' ही शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी ती पुण्याला नेली. काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या गेल्या, तेव्हा १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाई डगमगल्या नाहीत.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडल्याचं त्यांच्या कानावर आलं. पाल्याची चव आणि वाळूची थंडी त्या विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. या मुली ठेवायच्या कुठे? पुण्याजवळ केडगावला त्यांची शेती होती. तिथे आधी साध्या झोपड्या उठल्या, मग पक्क्या इमारती. हेच 'मुक्ती सदन'. गुजरातेतल्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथे जवळजवळ दोन हजार बायका-मुलं राहत होती!

पण मुक्तीत नुसतं ताटात वाढून भागत नव्हतं. कोणी विणकाम शिके, कोणी शेती, कोणी तेलाची घाणी चालवी. आंधळ्या मुलींनाही शिकवलं जाई. छापखानाही होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, त्याचे खिळे तिथल्या बायकांनीच जुळवले. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. ते पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. केडगावचं काम आजही चालू आहे.

आता तुमच्याकडे वळू या. एसटी स्टँडवर, स्टेशनच्या पुलाखाली पोतं पांघरून झोपलेली माणसं तुम्हीही पाहता. वर्गात मुलं मला विचारतात, "बाई, हे लोक काम का नाही करत?" त्यातले कितीतरी जण दिवसभर काम करतात, हे आपल्याला माहीत नसतं. कोणी हमाली करतं, कोणी भंगार वेचतं. कोणाचं गाव दुष्काळाने सुटलं, कोणाला घरच्यांनी आजारपणात बाहेर काढलं. मजुरी मिळते, पण शहरात खोलीचं भाडं परवडत नाही.

मग आपण काय करायचं? एकट्याने नव्हे, आई-बाबांना बरोबर घेऊन जायचं. शिळंपाकं नको, जे आपण खातो तेच द्यायचं. फाटकं नको, धुतलेलं धड पांघरूण द्यायचं. एकटं, भेदरलेलं मूल दिसलं तर लगेच मोठ्या माणसाला सांगायचं आणि १०९८ या क्रमांकावर फोन करायला लावायचं.

आणि हो, देताना त्यांच्या डोळ्यांकडे पाहा. "आजोबा, तुमचं नाव काय? गाव कुठलं?" एवढं विचारा. नाव कळलं, की 'भिकारी' हा शब्द तोंडातून निघत नाही.