थोरला की धाकटा? दोन काळांतील खेळाडूंची तुलना

क्रीडारसिक चार घटका एकत्र बसले की एक वाद हटकून निघतो. पूर्वीचे खेळाडू श्रेष्ठ की आताचे? फुटबॉलचे शौकीन पेले आणि मॅराडोना यांच्या शेजारी मेस्सीला उभे करतात; क्रिकेटचे चाहते ब्रॅडमन आणि तेंडुलकर यांच्या धावा ताडून पाहतात. जबलपूरसारख्या शहरात हा वाद हॉकीवर येऊन ठेपावा, यात नवल नाही. इंग्रजी अमदानीत येथे मोठी लष्करी छावणी होती. १९०४ मध्ये येथे तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शनही याच ठिकाणी होते. पलटण, कारखाना आणि रेल्वे या तिन्ही ठिकाणी त्या काळी आपल्या देशात हॉकी रुजली. याच शहरात ८ सप्टेंबर १९०८ रोजी रूपसिंह यांचा जन्म झाला. त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद तीन वर्षे आधी, २९ ऑगस्ट १९०५ रोजी, अलाहाबाद येथे जन्मले होते. वडील सैन्यात असल्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवावे लागे. पुढे हे कुटुंब झाशीस स्थायिक झाले.

थोरल्या भावाचे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो आणि २०२१ पासून देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जातो. धाकट्या भावाचे नाव मात्र जाणकारांपुरतेच उरले आहे. ध्यानचंद स्वतः रूपसिंहांना आपल्याहून सरस मानीत, असे सांगितले जाते. हे बंधुप्रेमाचे बोल समजायचे की जाणत्या खेळाडूचा निर्णय? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे कोणत्याही दोन खेळाडूंची तुलना करताना कोणकोणत्या अडचणी येतात, हे क्रमाने उलगडत जाते.

गोलांची मोजणी

सर्वांत सोपे माप म्हणजे गोल मोजणे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने जपानचा ११-१ असा आणि अमेरिकेचा २४-१ असा पराभव केला. अमेरिकेविरुद्ध रूपसिंहांनी १० आणि ध्यानचंदांनी ८ गोल केले. जपानविरुद्धच्या सामन्यात ध्यानचंदांचे ४ आणि रूपसिंहांचे ३ गोल होते. म्हणजे त्या स्पर्धेत धाकट्याचे १३, थोरल्याचे १२. भारताच्या एकंदर ३५ गोलांपैकी २५ गोल या दोन भावांनीच केले होते.

एवढ्यावरून रूपसिंह श्रेष्ठ ठरतात काय? आकडे खरे आहेत, पण ते कोणाविरुद्ध मिळाले हेही पाहिले पाहिजे. त्या स्पर्धेला तीनच संघ आले होते. अमेरिकेच्या संघाला जपाननेही ९-२ असे हरविले होते. दोन्ही सामने गमावूनही त्या संघास कांस्यपदक मिळाले, कारण चौथा संघच नव्हता. अशा संघाविरुद्ध केलेले दहा गोल आणि तुल्यबळ संघाविरुद्ध केलेला एक गोल यांना एकाच तागडीत घालता येत नाही.

शिवाय मोजणीही नेहमी निर्विवाद नसते. १९३६ मध्ये बर्लिन येथे १५ ऑगस्ट रोजी भारताने जर्मनीचा ८-१ असा पराभव करून सुवर्णपदक राखले. त्या अंतिम सामन्यात कर्णधार ध्यानचंद यांनी किती गोल केले? काही वृत्तान्तांत सहा, तर काहींत तीन असा आकडा आढळतो. इतक्या गाजलेल्या सामन्याची ही स्थिती, तर कारखान्यांच्या आणि पलटणींच्या मैदानांवर झालेल्या शेकडो सामन्यांची नोंद कोण देणार? जुन्या खेळाडूंविषयी जो आकड्यांवर वाद घालतो, त्याने आपले आकडे कोठून आले हे आधी तपासावे हे बरे.

समकालीनांच्या रांगेत

यावर एक तोड अशी की, खेळाडूची तुलना दुसऱ्या काळातील खेळाडूशी थेट न करता आधी त्याच्याच काळातील, त्याच्याच संघातील इतरांशी करावी. मैदान तेच, नियम तेच, प्रतिस्पर्धीही तेच. मग संघाच्या गोलांत त्याचा वाटा किती, हे पाहावे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्यांपैकी १४ ध्यानचंदांचे होते, म्हणजे जवळजवळ निम्मे. १९३२ मध्ये दोघा भावांचा वाटा प्रत्येकी सुमारे एकतृतीयांश पडतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताच्या १३ गोलांपैकी ९ गोल बलबीरसिंग यांनी केले. नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यातील सहांपैकी पाच गोल त्यांचेच होते. शेकडा ६९ हा वाटा ध्यानचंदांच्या वाट्याहूनही मोठा आहे.

आता हेच माप आजच्या काळाला लावून पाहू. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने आठ सामन्यांत १५ गोल केले व कांस्यपदक मिळविले. त्यांपैकी १० गोल कर्णधार हरमनप्रीतसिंग यांचे होते, म्हणजे शेकडा ६७. बलबीरसिंगांच्या अगदी निकट. रूपसिंहांनी एका सामन्यात जितके गोल केले, तितके करायला हरमनप्रीत यांना आठ सामने लागले, आणि तरीही आपल्या संघाच्या यशातील त्यांचा वाटा रूपसिंहांच्या वाट्याच्या जवळजवळ दुप्पट भरतो.

पण येथेही घाई करून चालणार नाही. हरमनप्रीतसिंग हे आघाडीचे नव्हे, बचावफळीतील खेळाडू. त्यांचे गोल प्रामुख्याने पेनल्टी कॉर्नरवर, स्टिकने चेंडू ओढून गोलाकडे झुगारण्याच्या तंत्राने झालेले आहेत. ध्यानचंदांच्या काळी हे तंत्र अस्तित्वातच नव्हते. वाटा सारखा असला तरी काम निराळे आहे.

कामाचा हा मुद्दा रूपसिंहांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. त्या काळी आघाडीच्या फळीत पाच जण असत: दोन टोकांना दोघे, त्यांच्या आत दोघे आणि मध्यभागी एक. ध्यानचंद मध्यभागी खेळत. गोल करणे हे त्या जागेचे मुख्य कर्तव्य. रूपसिंह डावीकडील आतल्या जागेवर खेळत. त्या जागेवरील खेळाडूने मागे यावे, मधल्या फळीकडून चेंडू घ्यावा, तो पुढे आणावा आणि मध्यभागी किंवा टोकाला असलेल्या साथीदाराला द्यावा, अशी अपेक्षा असे. गोल करणे हे त्याचे दुसरे काम. हे दुसरे काम करता करता ज्याने तेरा गोल केले, त्याने गोल करणे हेच ज्याचे पहिले काम त्याची बरोबरी साधली, ही गोष्ट केवळ बेरजेतून दिसत नाही. ध्यानचंदांच्या तोंडी घातल्या जाणाऱ्या उद्गाराचा अर्थ कदाचित येथेच सापडेल. शेजारी खेळणाऱ्यालाच ठाऊक असते की, आपल्या गोलापूर्वी चेंडू आपल्यापर्यंत कोणी आणला.

मैदान आणि नियम

काळ बदलला म्हणजे खेळ तोच राहतो, असा आपला समज असतो. हॉकीच्या बाबतीत तो फारसा खरा नाही. रूपसिंहांच्या काळी अकरा जण मैदानात उतरत आणि तेच शेवटपर्यंत खेळत. आता खेळ चालू असताना कितीही वेळा खेळाडू बदलता येतात. दमलेला आघाडीवीर बाहेर बसून पुन्हा ताजातवाना होऊन आत येतो. पूर्वी सामन्याचे दोन भाग असत, आता पंधरा मिनिटांचे चार असतात. पूर्वी ऑफसाइडचा नियम कडक होता; प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ नुसते दबा धरून उभे राहता येत नसे. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा नियमच काढून टाकण्यात आला. तुतीच्या लाकडाच्या लांब वाकाच्या स्टिकची जागा आखूड वाकाच्या, कार्बनच्या धाग्यांनी मजबूत केलेल्या स्टिकने घेतली.

सर्वांत मोठा बदल मैदानाचा. गवताच्या मैदानावर चेंडू कोठे उसळेल याचा नेम नसे, म्हणून तो नुसता अडविणे हीच एक कला होती. कृत्रिम मैदानावर चेंडू सरळ आणि वेगाने येतो. तेथे अडविण्यापेक्षा धावण्याच्या दमाला आणि ताकदीला महत्त्व आले. ऑलिंपिकमध्ये असे मैदान १९७६ साली माँट्रियल येथे प्रथम वापरण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च १९७५ मध्ये, भारताने क्वालालंपूर येथे पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला होता आणि निर्णायक गोल ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांनी केला होता. तेच अशोककुमार माँट्रियलला खेळले, आणि तेथे भारत सातवा आला. दीड वर्षाच्या आत एखादा खेळाडू आपली विद्या विसरत नाही. पराभवाला इतरही कारणे असतील. परंतु पायाखालची जमीन बदलली होती, हे त्यांतील एक कारण खासच होते.

पदकांचे माप

पदके मोजणारा एक पक्ष नेहमीच असतो. त्याच्या हिशेबाने ध्यानचंद तीन सुवर्णपदकांचे धनी, रूपसिंह दोन, आणि धनराज पिल्ले शून्य. पुण्याजवळच्या खडकीला १९६८ साली जन्मलेले धनराज हेही जबलपूरसारख्याच छावणीच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वातावरणात वाढले. १९९२ ते २००४ या काळात ते चार ऑलिंपिक खेळले. त्यांत भारताचा क्रमांक सातवा, आठवा, सातवा आणि पुन्हा सातवा असा राहिला. मात्र १९९८ मध्ये बँकॉक येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक ३२ वर्षांनी परत मिळविले.

ध्यानचंदांनी ज्या संघाकडून खेळ केला, तो संघ १९२८ पासून १९६० च्या रोम येथील अंतिम सामन्यापर्यंत ऑलिंपिकमध्ये एकदाही हरला नव्हता. धनराज यांच्या वाट्याला हा वारसा आला नाही. त्यांच्यासमोर कृत्रिम मैदानावरच घडलेले ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि नेदरलँड्सचे संघ होते. पदक संघाला मिळते. त्यावरून एकट्या खेळाडूची उंची मोजणे म्हणजे पिकावरून केवळ शेतकऱ्याची पारख करणे आणि पावसाचा विचारच न करणे होय.

जे मोजलेच गेले नाहीत

या सर्व मापांत एक दोष समान आहे. ज्यांना खेळण्याची संधीच मिळाली नाही, ते त्यांत कोठेच येत नाहीत. महिलांच्या हॉकीला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो १९८० साली, मॉस्को येथे. त्यापूर्वीच्या महिला खेळाडूंच्या नावापुढे ऑलिंपिकचे रकाने रिकामे आहेत, ते कौशल्याच्या अभावी नव्हे. १९८२ मध्ये दिल्ली येथील आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले. त्या संघात जबलपूरच्या मधू यादव होत्या. थोर हॉकीपटूंच्या गप्पांत अशी नावे क्वचितच निघतात.

रूपसिंहांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैदानावरच या विस्मृतीचे आणखी एक उदाहरण घडले. रूपसिंह ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या सैन्यात अधिकारी होते. १९७७ साली त्याच शहरी त्यांचे निधन झाले. तेथील क्रीडांगणाला कॅप्टन रूपसिंह यांचे नाव देण्यात आले. हे क्रीडांगण पुढे क्रिकेटसाठी प्रसिद्ध झाले, आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी तेथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वस्तुतः ते पुरुषांच्या क्रिकेटमधील पहिले होते. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्क यांनी १९९७ सालीच, तेही मुंबईत, नाबाद २२९ धावा केल्या होत्या. त्या दिवशी मैदानाच्या नावातला खेळाडू आणि विक्रमाच्या इतिहासातली खेळाडू, असे दोघेही बहुतेकांच्या स्मरणात नव्हते.

तुलना कशी करावी

मग तुलना करूच नये काय? तसे नाही. दोन काळांतील खेळाडूंची तुलना करताना जुन्या खेळाडूंची नावे पुन्हा उच्चारली जातात, आणि नव्या पिढीला ती कळतात ती बहुधा अशा वादातूनच. फक्त काही पथ्ये पाळावीत. खेळाडूला प्रथम त्याच्या समकालीनांच्या रांगेत उभे करावे. तो कोणत्या जागेवर खेळत होता आणि त्या जागेचे काम काय होते, हे पाहावे. मैदान, नियम व साधने यांचा हिशेब धरावा. संघाचे यश आणि एकट्याचे यश वेगवेगळे ठेवावे. आणि ज्यांची नोंदच झाली नाही, त्यांच्यासाठी यादीत थोडी जागा मोकळी सोडावी.

ही पथ्ये पाळली तर ध्यानचंद आणि रूपसिंह यांच्यापैकी श्रेष्ठ कोण, याचा निकाल लागतोच असे नाही. वर्षानुवर्षे सातत्याने केलेल्या कामगिरीत थोरला भाऊ पुढे आहे. ज्या एका स्पर्धेत दोघेही एकाच रांगेत खेळले आणि ज्यातील प्रत्येक गोलाची नोंद आहे, तेथे धाकटा तसूभरही मागे नाही. म्हणून जबलपूरचा एखादा वृद्ध शौकीन रूपसिंहांचे नाव घेऊन वाद घालू लागला, तर त्यास केवळ गावाचा अभिमान म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्याच्या बाजूला तेरा गोल आहेत, आणि परंपरा खरी मानली तर ध्यानचंदांची साक्षही आहे.