क्रीडा प्रशिक्षणातील चित्रफीत विश्लेषण

क्रीडा प्रशिक्षणातील चित्रफीत विश्लेषण म्हणजे सरावाचे किंवा सामन्याचे चित्रण करून ते संथ गतीने अथवा प्रसंगवार पुन्हा पाहणे, आणि त्यावरून खेळाडूच्या हालचालींविषयी व संघाच्या डावपेचांविषयी निष्कर्ष काढणे होय. या कामासाठी अनेक संगणक प्रणाली आणि मोबाइल अ‍ॅप उपलब्ध आहेत. त्यांतील काही विनामूल्य आहेत, तर काहींसाठी वार्षिक वर्गणी भरावी लागते. प्रणालीची निवड प्रशिक्षकाला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे यावर, तसेच चित्रणासाठी उपलब्ध जागा, मनुष्यबळ आणि नोंदी दीर्घकाळ जपण्याची सोय यांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या निवडीचे निकष मुख्यतः कबड्डी व खो-खो या महाराष्ट्रात रुजलेल्या खेळांच्या संदर्भात दिले आहेत.

इतिहास

हालचालींचा छायाचित्रांच्या साहाय्याने अभ्यास करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्यांतून स्पष्ट झाले. त्यानंतर फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी एकाच छायाचित्र-पट्टीवर हालचालीचे क्रमवार टप्पे टिपण्याचे तंत्र विकसित केले.

सामन्यातील प्रसंगांची पद्धतशीर नोंद ठेवण्याची प्रथा याहून वेगळी आहे व तिला कॅमेऱ्याची गरज नव्हती. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप यांनी मार्च १९५० मध्ये एका फुटबॉल सामन्यात कागद-पेन्सिलीने चालींच्या नोंदी घेण्यास आरंभ केला. पुढे चित्रफीत आणि संगणक आल्यावर हे दोन प्रवाह एकत्र आले. क्रिकेटच्या प्रक्षेपणात २००१ पासून वापरली जाणारी हॉक-आय ही चेंडूचा मार्ग दाखवणारी प्रणाली सर्वसामान्य प्रेक्षकांच्या परिचयाची झाली. संथ गतीने चित्रण करणारे मोबाइल फोन सर्वत्र पोहोचल्यानंतर हे साधन शाळा आणि स्थानिक मंडळांच्या आवाक्यात आले.

प्रकार

विश्लेषणाचे दोन मुख्य प्रकार आहेत.

तंत्र विश्लेषण : यात एका खेळाडूची एक कृती तपासली जाते. उदाहरणार्थ, गोलंदाजाचा पुढचा पाय, लांब उडीतील शेवटची दोन पावले, किंवा खो-खोमध्ये खांबाजवळ मारलेला सूर. त्यासाठी संथ गती, कोन व अंतर मोजण्याची सोय, आणि दोन चित्रफिती शेजारी-शेजारी लावून पाहण्याची सोय लागते.

सामना विश्लेषण : यात संपूर्ण सामन्यातील प्रसंगांना वर्गवार खुणा अर्थात टॅग लावले जातात. नंतर एकाच प्रकारचे सर्व प्रसंग सलग पाहता येतात आणि त्यांची संख्याही मिळते. यासाठी टॅगची रचना स्वतःला ठरवता येणे ही मुख्य गरज असते.

एका प्रकारासाठी उत्तम असलेली प्रणाली दुसऱ्यासाठी बहुधा गैरसोयीची ठरते. त्यामुळे निवडीचा पहिला टप्पा म्हणजे आपले काम कोणत्या प्रकारात मोडते हे ठरवणे.

प्रमुख प्रणाली

- किनोव्हिया : विनामूल्य आणि मुक्तस्रोत. विंडोज संगणकावर चालते. संथ गती, कोन, अंतर, बिंदूचा माग आणि दोन चित्रफितींची तुलना या सोयी असल्याने तंत्र विश्लेषणासाठी उपयुक्त.
- ट्रॅकर : भौतिकशास्त्राच्या अध्यापनासाठी तयार झालेली मुक्तस्रोत प्रणाली. वेग व त्वरण यांचे आलेख काढते. शाळेत विज्ञान आणि क्रीडा या दोन्ही विषयांच्या शिक्षकांना एकत्रितपणे वापरता येते.
- बोरिस : इटलीतील तुरिन विद्यापीठात प्राण्यांच्या वर्तनाच्या निरीक्षणासाठी तयार झालेली मुक्तस्रोत प्रणाली. प्रसंगांचे वर्ग वापरकर्ता स्वतः ठरवू शकत असल्याने ती सामन्याच्या नोंदींसाठीही चालते.
- डार्टफिश : स्वित्झर्लंडमधील कंपनीची सशुल्क प्रणाली. एकाच चित्रात हालचालीचे अनेक टप्पे दाखवण्याच्या सोयीसाठी प्रसिद्ध.
- स्पोर्टस्कोड : अमेरिकेतील हडल या कंपनीची व्यावसायिक संघांसाठीची सशुल्क प्रणाली. अ‍ॅपलच्या संगणकांवर चालते.
- नॅकस्पोर्ट : स्पेनमधील कंपनीची सामना विश्लेषणाची सशुल्क प्रणाली.

निवडीचे निकष

प्रश्नाची निश्चिती. 'आमचा खेळ सुधारायचा आहे' हा विश्लेषणाचा प्रश्न होऊ शकत नाही. 'समोर तीन किंवा कमी बचावपटू असताना आपला चढाईपटू कोणत्या बाजूने पकडला जातो?' हा प्रश्न मोजता येण्याजोगा आहे. प्रश्न असा नेमका मांडला, की कोणत्या सोयी आवश्यक आहेत व कोणत्या केवळ आकर्षक आहेत, हे आपोआप स्पष्ट होते.

चित्रणाचा वेग. एका सेकंदात किती चौकटी टिपल्या जातात, यावर मापनाची अचूकता अवलंबून असते. ताशी १३० किलोमीटर वेगाचा चेंडू एका सेकंदात सुमारे ३६ मीटर जातो. सेकंदाला ३० चौकटी टिपल्यास दोन चौकटींच्या दरम्यान तो सुमारे १.२ मीटर पुढे गेलेला असतो, तर २४० चौकटी टिपल्यास सुमारे १५ सेंटिमीटर. कमी वेगाच्या चित्रणात जी माहिती टिपलीच गेली नाही, ती कोणतीही महागडी प्रणाली परत आणू शकत नाही. सामना विश्लेषणासाठी मात्र सेकंदाला ३० चौकटी सहसा पुरेशा असतात.

कॅमेऱ्याची जागा. कोन किंवा अंतर मोजायचे असल्यास कॅमेरा हालचालीच्या दिशेशी काटकोनात आणि तिपाईवर स्थिर असावा लागतो. तिरकस चित्रणातून काढलेले माप चुकीचे येते. संपूर्ण मैदान टिपायचे असल्यास पुरेसे अंतरही लागते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. कॅमेऱ्याचे दृश्यक्षेत्र ६० अंश धरल्यास, १३ मीटरची जवळची बाजू पूर्णपणे चौकटीत येण्यासाठी कॅमेरा तिच्यापासून सुमारे ११ मीटर दूर हवा. अंतिम रेषेच्या मागून चित्रण केल्यास हेच अंतर सुमारे ९ मीटरवर येते. पुण्यातील कसबा पेठ ही शहराची सर्वांत जुनी पेठ मानली जाते. अशा दाट वस्तीत मैदानाभोवती ११ मीटर मोकळी जागा मिळणे अवघड असते. अशा ठिकाणी लगतच्या इमारतीच्या गच्चीवरून किंवा सज्जातून, संबंधितांच्या परवानगीने, चित्रण करणे सोयीचे ठरते. उंचीमुळे एका खेळाडूआड दुसरा झाकला जाण्याचे प्रमाणही घटते. रुंद दृश्यक्षेत्राचे भिंग वापरल्यास कमी अंतरातून मैदान मावते, परंतु कडेच्या रेषा वक्र दिसतात. त्यामुळे असे चित्रण मोजमापासाठी वापरू नये.

श्रम. कबड्डीत एका चढाईस ३० सेकंदांची मर्यादा असते. ४० मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली असे धरले, तरी ८० चढाया होतात. एका चढाईच्या नोंदीस एक मिनिट लागल्यास एका सामन्यासाठी ८० मिनिटे खर्च होतात. हे काम नियमितपणे कोण करणार याचे उत्तर नसेल, तर प्रणालीतील बहुतेक सोयी वापराविना पडून राहतात.

नोंदींची मालकी. टेकस्मिथ या कंपनीचे 'कोचेस आय' हे अ‍ॅप २०११ पासून प्रशिक्षकांमध्ये लोकप्रिय होते; २०२२ मध्ये कंपनीने ते बंद केले. चित्रफिती आणि नोंदी केवळ एखाद्या सेवेच्या साठ्यात असल्या, की ती सेवा बंद होताच त्यांवरील ताबा जातो. म्हणून मूळ चित्रफीत एमपी४ सारख्या प्रचलित स्वरूपात आणि नोंदी सीएसव्ही या कोणत्याही तक्ता-प्रणालीत उघडणाऱ्या स्वरूपात बाहेर काढता येतात का, हे वर्गणी भरण्यापूर्वीच तपासावे लागते. प्रतिसेकंद ८ मेगाबिट या दराने ४० मिनिटांचे चित्रण सुमारे २.४ गिगाबाइट जागा व्यापते. संपूर्ण हंगामाच्या साठवणुकीचा खर्च यावरून काढता येतो.

कबड्डीतील वापर

प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि कबड्डीचे अनेक कॅमेऱ्यांतून झालेले चित्रण मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ लागले. या लीगमधील पुण्याच्या पुणेरी पलटण या संघाने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. लीगच्या सामन्यांत पंचांच्या निर्णयाविरुद्ध चित्रफितीच्या आधारे दाद मागण्याची तरतूद आहे.

कबड्डीच्या विश्लेषणात मैदानावरील रेषाच मोजपट्टीचे काम करतात. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा असते. ही ज्ञात अंतरे प्रणालीला दिल्यास मैदानाच्या पृष्ठभागावरील इतर अंतरे काढता येतात. प्रत्येक चढाईसाठी चढाईपटूचे नाव, समोरील बचावपटूंची संख्या, चढाईची बाजू, गुण मिळवण्याचा प्रकार व पकडीचा प्रकार एवढ्या पाच नोंदी प्रारंभी पुरेशा ठरतात. बचावपटूंची संख्या नोंदवणे विशेष महत्त्वाचे असते. कारण समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतील तरच बोनस गुण मिळू शकतो. ही नोंद नसेल, तर बोनस न मिळणे हे चढाईपटूचे अपयश होते की संधीच नव्हती, हे सांगता येत नाही.

खो-खोतील वापर

खो-खोच्या नियमांना विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात निश्चित रूप मिळाले. अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक लीगचा पहिला हंगाम २०२२ मध्ये पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाला.

नोंदींवर आधारित विश्लेषण या खेळाला नवे नाही. कोणत्या खेळाडूने किती मिनिटे-सेकंद संरक्षण केले आणि किती गडी बाद केले, हे गुणपत्रिकेत पूर्वापार लिहिले जाते. मराठी वृत्तपत्रांतील खो-खोची वृत्तेही याच आकड्यांवर लिहिलेली असतात. मात्र खेळाडू किती वेळ टिकला एवढेच हा आकडा सांगतो. तो खांबाजवळ बाद झाला की मध्यभागी, साखळी पद्धतीने पळताना की गोलाकार पळताना, हे चित्रफितीतून समजते. म्हणून खो-खोसाठी गुणपत्रिकेतील वेळ आणि चित्रफितीतील वेळ जुळवून घेणे ही सर्वांत उपयुक्त पहिली पायरी ठरते. डावाच्या आरंभीची शिटी दोन्हींचा शून्यबिंदू मानल्यास गुणपत्रिकेवरून हवा तो प्रसंग चित्रफितीत तत्काळ सापडतो. त्यासाठी कोणतीही सशुल्क प्रणाली लागत नाही.

नोंदींची विश्वसनीयता

टॅग लावणारी व्यक्ती बदलली की आकडेही बदलू शकतात. म्हणून प्रत्येक टॅगची व्याख्या लिहून ठेवणे आवश्यक असते. व्याख्या तपासण्याची सोपी रीत अशी, की एकाच सामन्याची नोंद दोन जणांनी स्वतंत्रपणे करावी. ८० चढायांपैकी ६८ चढायांच्या नोंदी जुळल्या, तर एकमत ८५ टक्के होते. उरलेल्या १२ नोंदी पाहिल्यावर कोणती व्याख्या संदिग्ध आहे हे लक्षात येते. योगायोगाने जुळलेल्या नोंदींचा प्रभाव वजा करण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला 'कप्पा' हा गुणांक वापरला जातो.

मर्यादा

एका कॅमेऱ्याचे चित्रण द्विमितीय असते. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा कोपर १५ अंशांपेक्षा अधिक सरळ होऊ नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तरीही संशयित शैलीची अधिकृत चाचणी अनेक कॅमेऱ्यांच्या त्रिमितीय प्रयोगशाळेतच केली जाते. मोबाइलच्या चित्रणावर कोन मोजून एखाद्या मुलाची गोलंदाजी अवैध ठरवणे त्यामुळे अशास्त्रीय ठरते.

दुसरी मर्यादा अर्थनिर्णयाची आहे. हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी झालेला भारत–इराण पुरुष कबड्डीचा अंतिम सामना २८–२८ अशा बरोबरीत असताना पवन सेहरावत याच्या चढाईवरून वाद झाला व खेळ बराच काळ थांबला. चढाईपटू आणि बचावपटू राखीव क्षेत्रात गेल्याचे चित्रणात दिसत होते. वाद मुख्यतः जुना नियम लावायचा की नवा, यावर होता. अखेर भारताने सामना ३३–२९ असा जिंकला. काय घडले हे चित्रफीत दाखवते. त्याचा अर्थ नियम आणि जाणकार माणसेच ठरवतात.

खासगीपणा

शालेय खेळाडूंच्या चित्रफिती ही त्यांची वैयक्तिक माहिती असते. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या अशा माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. चित्रफिती कोण पाहू शकेल, त्या किती काळ ठेवल्या जातील आणि खेळाडूने संघ सोडल्यावर त्यांचे काय होईल, हे संमतिपत्रात नमूद करणे इष्ट असते. चुकांचे प्रसंग समाजमाध्यमांवर प्रसृत झाल्यास मुलांचा उपहास होण्याचा धोका असतो. त्यामुळे चित्रफिती परदेशी सेवेच्या साठ्यात ठेवण्याऐवजी स्वतःच्या संगणकावर ठेवू देणारी प्रणाली शाळांसाठी अधिक सुरक्षित ठरू शकते.

हे सुद्धा पहा

- कबड्डी
- खो-खो
- जैवयांत्रिकी
- हॉक-आय
- मुक्तस्रोत सॉफ्टवेअर