उपग्रह जागा सांगतो, पाण्याचा ठाव सांगत नाही

लपवलेली वस्तू शोधण्याचा खेळ जुनाच आहे. त्याला उपग्रहांची जोड मिळाली ती २००० साली. तोपर्यंत अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचा संकेत सामान्य माणसासाठी मुद्दाम सदोष ठेवलेला असे. सांगितलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी हा निर्बंध उठला आणि चूक दहा-वीस मीटरांवर आली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यातील डेव्ह अल्मर यांनी रानात एक प्लास्टिकची बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू होत्या. जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले. ज्याला बादली सापडेल त्याने वहीत नाव लिहायचे, एखादी वस्तू घेतली तर दुसरी ठेवायची, एवढाच नियम. या खेळाला पुढे जिओकॅशिंग असे नाव पडले.

काही हौशी मंडळी असा डबा पाण्याखालीही ठेवतात. आपल्या जामखेड भागात तसा डबा ठेवायचा झाला, तर काय काय ध्यानात घ्यावे लागेल?

पहिली गोष्ट म्हणजे उपग्रहाचा संकेत पाण्यात शिरत नाही. सुमारे वीस हजार किलोमीटरांवरून येणाऱ्या या लहरी इतक्या क्षीण असतात की थोड्याशा पाण्यातच त्या विरून जातात. म्हणून मोबाईल आपल्याला काठापर्यंत नेतो. पुढचा शोध हातानेच घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, डबा तरंगतो. दोन लिटरचा डबा दोन किलो पाणी बाजूला सारतो. आतल्या सामानासह त्याचे वजन अर्धा किलो असेल, तर पाणी त्याला दीड किलोच्या जोराने वर ढकलते. तेव्हा दीड किलोचा दगड बांधला की झाले, असे वाटेल. पण दगडही पाण्यात हलका होतो. आपल्याकडचा काळा दगड पाण्यात सुमारे एक-तृतीयांश वजन गमावतो. म्हणून सव्वादोन-अडीच किलोचा दगड जेमतेम पुरतो. वाहत्या पाण्यात डबा जागेवर राहायला हवा असेल, तर तीन-चार किलोंचा घ्यावा.

तिसरी गोष्ट दाबाची. दहा फूट पाण्याखाली दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३०० ग्रॅमचा जादा दाब पडतो. हा आकडा लहान वाटतो. पण वीस सेंटिमीटर लांब आणि पंधरा सेंटिमीटर रुंद झाकणावर हाच भार ९० किलो होतो. म्हणजे एखादा धिप्पाड गडी झाकणावर बसल्यासारखेच. शिवाय मे महिन्यात चाळीस अंशांच्या उन्हात बंद केलेला डबा गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी आत ओढले जाते. म्हणून झाकणाला चांगला रबरी वायसर हवा, डबा सावलीत बंद करायला हवा आणि वही दुहेरी पिशवीत हवी. शाई फुटते, म्हणून पेन्सिलच बरी.

इतके केले तरी खरी अडचण उरतेच, आणि ती जामखेडची स्वतःची आहे. बालाघाटच्या कुशीतला हा तालुका अवर्षणप्रवण. बीड रस्त्यावर सौताड्याला विंचरणा नदी उंच कड्यावरून कोसळते, पण ती पावसाळ्यात. उन्हाळ्यात तिथे कोरडा खडक दिसतो. भाद्रपदात जिथे पुरुषभर पाणी असते, तिथे वैशाखात भेगाळलेला गाळ असतो. अक्षांश-रेखांश तेच राहतात, खोली मात्र महिन्यागणिक बदलते. भीमेवरच्या उजनी धरणात बुडालेले पळसदेवचे पळसनाथ मंदिर पाहा. पाणी फार उतरले की ते उघडे पडते आणि लोक चालत दर्शनाला जातात. मंदिर जागचे हलले नाही. हलले ते पाणी.

म्हणून अशा डब्याच्या माहितीत आकड्यांबरोबर महिनाही लिहायला हवा. कोणत्या महिन्यात किती पाणी असते, तळाला गाळ आहे की खडक, वरच्या अंगाला पाऊस पडला तर लोंढा किती लवकर येतो, हे उपग्रहाला ठाऊक नसते. ते गुराख्याला, मासे धरणाऱ्याला, शेजारच्या शेतकऱ्याला ठाऊक असते. त्यांना विचारल्याशिवाय डबा ठेवूही नये आणि शोधूही नये.

आणखी एक पथ्य जिवाचे आहे. उभ्या कड्यांच्या शेतविहिरीत, धबधब्याखालच्या डोहात किंवा गाळाच्या तलावात कोणाला उतरावे लागेल, अशा जागी डबा मुळीच ठेवू नये. पोहणारा माणूसही गाळात रुततो, आणि खेळाच्या नादात मुले उडी मारतात. यावर आपल्या घरांत जुना उपाय आहे. विहिरीत पडलेली घागर काढायला कोणी आत उतरत नसे. दोराला लोखंडी गळ बांधून ती काठावरूनच वर काढत. डबाही तसाच ठेवावा. त्याला बळकट दोरी बांधून तिचे टोक काठावरच्या खुंटीला अडकवावे, म्हणजे काठावर उभे राहूनच तो ओढून घेता येईल. दोरी तळाशी ताणून ठेवावी; सैल राहिली तर जाळी आणि जनावरांचे पाय तिच्यात अडकतात.

पिण्याचे पाणी मात्र वर्ज्य. जामखेड शहराला पाणी पुरवणारा भुतवडा तलाव किंवा गावाची पाणवठ्याची विहीर ही खेळाची जागा नव्हे. जुन्या बारवांच्या पायऱ्यांत आणि किल्ल्यांच्या टाक्यांतही काही खोचू नये. खासगी विहीर असेल, तर मालकाची परवानगी हवीच. शिवाय ज्याने डबा ठेवला त्यानेच तो वेळोवेळी पाहायचा असतो. नाही तर उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळावर तो कचरा म्हणून शिल्लक राहतो.

मुलांना घेऊन हा खेळ जरूर खेळावा. अक्षांश-रेखांश, तरंगण्याचा नियम आणि पाण्याचा दाब हे सारे पुस्तकाबाहेर येऊन हाताशी लागते. फक्त डबा ठेवण्याआधी एक वर्षभर दर महिन्याला त्या जागेचे पाणी काठावरून मोजून वहीत लिहावे. डबा कोणाला सापडो न सापडो, आपल्या गावचे पाणी कधी किती असते, याची एक चांगली नोंद तरी आपल्या हाती राहील.