परवानगीचा शिक्का : मॅस्टोडॉनवरील अवतरणाचा वाद

मॅस्टोडॉन या विकेंद्रित समाजमाध्यमाची घडण समजून घेण्यासाठी त्यात असलेल्या सोयींपेक्षा त्यात दीर्घकाळ नसलेल्या एका सोयीचा इतिहास अधिक उपयोगी पडतो. दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा चौकटीत ठेवून त्यावर आपले भाष्य जोडण्याची जी मुभा ट्विटरने एप्रिल २०१५ मध्ये दिली आणि जिला आता सर्रास कोट पोस्ट म्हणतात, ती मॅस्टोडॉनच्या कर्त्याने विचारपूर्वक नाकारली, वापरणाऱ्यांच्या मागण्या येत राहिल्या तरी बराच काळ नाकारलेलीच ठेवली, आणि २०२५ मध्ये ती अखेर आली तेव्हा ट्विटरच्या नमुन्याहून बरीच निराळी होऊन आली. या सगळ्या काळात दोन्ही बाजू 'वापरणाऱ्यांचे म्हणणे' पुढे करत होत्या; मात्र ते म्हणणे नेमके कोणाचे आणि त्याला आधार काय, हा प्रश्न चिकाटीने तपासला तो संगणकक्षेत्राबाहेरच्या एका संशोधक स्त्रीने.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येईल. रशियात जन्मलेले, लहानपणी जर्मनीत आलेले आणि येना येथे संगणकशास्त्र शिकलेले युगेन रोच्को यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅस्टोडॉन लोकांपुढे ठेवले. त्याची आज्ञावली खुली असल्याने कोणीही ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवू शकतो, त्या सर्व्हरपुरते नियम ठरवू शकतो, आणि तरीही तेथील सदस्य इतर सर्व्हरांवरील सदस्यांशी बोलू शकतात. कारण हे सर्व सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या सामाईक संकेतावलीने एकमेकांना निरोप पाठवतात. जानेवारी २०१८ मध्ये जागतिक वेबच्या मानक-संस्थेने, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीने, या संकेतावलीला मान्यता दिली. मॅस्टोडॉनने तिचा अवलंब आदल्या वर्षीच केला होता.

अशा व्यवस्थेत वापरणाऱ्यांचा अभिप्राय पोचतो कोठे, हे पाहणे महत्त्वाचे आहे. एका कंपनीच्या मालकीच्या माध्यमात तक्रारी एका कार्यालयात जमा होतात, आकडेवारी एका ठिकाणी साठते आणि निर्णयही तेथेच होतो. मॅस्टोडॉनमध्ये जाळे विकेंद्रित असले तरी मूळ आज्ञावलीत काय घ्यायचे याचा अंतिम निर्णय बराच काळ एकट्या रोच्को यांच्या हाती होता, आणि मागण्या येत त्या गिटहबवर, म्हणजे जेथे आज्ञावली ठेवली जाते आणि जेथे सर्वसाधारण वापरणारा सहसा फिरकत नाही अशा जागी. नकार मिळालेल्यांपुढे एक वाट उरे ती फोर्कची, म्हणजे मूळ आज्ञावलीची प्रत घेऊन ती स्वतंत्रपणे वाढवण्याची. आपल्याच सर्व्हरवरील सदस्यांपुरती पोस्ट लिहिता यावी ही मागणी मुख्य आवृत्तीत मान्य झाली नाही, तेव्हा डेरियस काझेमी यांनी 'होमटाउन' या नावाने तसा फोर्क चालवला. 'ग्लिच-सॉक' या फोर्कमध्येही ती सोय आहे. फोर्क हा या जगातला सर्वांत ठोस अभिप्राय म्हणता येईल, परंतु तो देण्यासाठी सर्व्हर चालवण्याचे ज्ञान, वेळ आणि पैसा लागतो, ही त्याची मर्यादा विकेंद्रीकरणाचे समर्थक पुरेशा गांभीर्याने घेत नाहीत.

कोट पोस्टला नकार देताना रोच्को यांनी मार्च २०१८ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा होता की, ही सोय दिली की माणूस समोरच्याला उत्तर देण्याऐवजी त्याचे वाक्य आपल्या अनुयायांपुढे धरून त्यांच्याशीच बोलू लागतो. संवादाची जागा प्रदर्शन घेते आणि वातावरण विषारी होते. मॅस्टोडॉनच्या इतर अनेक निवडींशी हे सुसंगत होते. तेथे पोस्टखाली आलेल्या उत्तरांची नेमकी संख्या न दाखवता केवळ 'एकाहून अधिक' एवढेच सूचित केले जाई, आणि कोणाच्याही जुन्या पोस्टमधील शब्द शोधता येणार नाहीत अशी काळजी घेतलेली होती, कारण अशा शोधाचा उपयोग माणसे हेरून त्यांच्यावर तुटून पडण्यासाठी होतो, असा सुरुवातीच्या रहिवाशांचा अनुभव होता. त्यांतील बरेच जण ट्विटरवरील छळाला कंटाळून आलेले होते, म्हणून हा नकार त्यांना संरक्षण वाटला, आणि त्या भावनेचा आदर केलाच पाहिजे. तरीही अनुभवातून आलेला अंदाज आणि तपासून सिद्ध केलेली गोष्ट यांतले अंतर येथे पुसले गेले. 'कोट पोस्टने विद्वेष वाढतो' हे विधान पुढे इतक्या वेळा उच्चारले गेले की त्याला पुरावा मागणे हेच अनेकांना शंकास्पद वाटू लागले.

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस ट्विटरची मालकी इलॉन मस्क यांच्याकडे गेली आणि मॅस्टोडॉनच्या मासिक सक्रिय सदस्यांची संख्या महिन्याभरात सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर पोचली. भारताने अशी लाट लहान प्रमाणात आधीच पाहिली होती: सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर आले होते. २०२२ च्या लाटेने मात्र जुने रहिवासी आणि नवागत यांना समोरासमोर आणले, आणि कोट पोस्ट हा त्या संघर्षाचा केंद्रबिंदू झाला.

नवागतांच्या बाजूने सर्वांत विचारप्रवर्तक मांडणी केली ती जोनाथन फ्लॉवर्स या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने. ट्विटरवरील कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संभाषणशैलीत दुसऱ्याचे वाक्य उचलून त्यावर सर्वांसमक्ष भाष्य करणे हा हाक आणि प्रतिसाद यांच्या जुन्या मौखिक परंपरेचाच विस्तार आहे, आणि ती सोय नाकारणारे माध्यम त्या समाजाची बोलण्याची रीतच नाकारते, असे त्यांचे म्हणणे होते. यामागे आंद्रे ब्रॉक यांच्या 'डिस्ट्रिब्यूटेड ब्लॅकनेस' या २०२० च्या ग्रंथात येणारा विचार आहे. रोच्को यांच्या युक्तिवादातील कळीची जागा येथे उघडी पडते. श्रोत्यांकडे तोंड करून बोलणे हा त्यांच्या मते दोष होता. परंतु ज्या परंपरेत श्रोता हा संभाषणाचाच भाग असतो, तेथे तो दोष ठरत नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात प्रतिपक्षाचा सवाल उचलून जबाब भरल्या मंडपात दिला जातो, तो कानात सांगितला तर फडच उरत नाही. एका समूहाच्या शिष्टाचाराला सार्वत्रिक नीती मानून ती बटणांच्या मांडणीत कायमची गोठवणे, ही रचनाकारांकडून वारंवार होणारी चूक आहे आणि मॅस्टोडॉनही तिला अपवाद नव्हते.

या टप्प्यावर हिल्डा बास्टियन यांचे काम येते. मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या बास्टियन या घरी होणाऱ्या बाळंतपणांचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीतून पुढे आल्या. डॉक्टरांच्या निर्णयांत रुग्णांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे या आग्रहाने त्या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कोक्रेन या संस्थेत सुरुवातीपासून सहभागी झाल्या, आणि तेथे रुग्ण व सामान्यजनांचे जाळे त्यांनी उभारले. एकाच प्रश्नावरील सर्व संशोधन ठरावीक पद्धतीने शोधून, पारखून, एकत्र वाचणे म्हणजे पद्धतशीर आढावा. हे कोक्रेनचे मुख्य काम. वैद्यकातील संशोधनाचा लोंढा किती मोठा आहे हे दाखवणारा २०१० मधील एक गाजलेला निबंधही बास्टियन यांनी पॉल ग्लाझिओ आणि इयन चाल्मर्स यांच्यासह लिहिलेला आहे: दररोज ७५ चाचण्या आणि ११ आढावे प्रसिद्ध होतात, मग वाचणाऱ्याने ताळमेळ राखायचा कसा, असा त्याचा प्रश्न होता.

त्यांच्या वृत्तीचा खरा पुरावा मात्र 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९९८ साली दोन सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सापडतो. १९८५ ते १९९० या काळात ऑस्ट्रेलियात घरी करण्याचे योजलेल्या ७,००२ बाळंतपणांची नोंद तपासली असता त्यांत प्रसूतीच्या आसपास झालेले बाळांचे ५० मृत्यू आढळले, म्हणजे हजारी ७.१, आणि जुळी, पायाळू किंवा दिवस उलटून गेलेली बाळे असताना धोका कमी लेखला गेल्याने, तसेच बाळ संकटात असल्याची चिन्हे दिसूनही वेळेवर पावले न उचलल्याने त्यांतील पुष्कळ मृत्यू ओढवले, असे त्या अभ्यासाने सांगितले. ज्या चळवळीत आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, तिच्याच लाडक्या समजुतीला धक्का देणारी आकडेवारी स्वतःच्या नावाने छापण्यास जो निर्भयपणा लागतो, तो फार थोड्या संशोधकांपाशी असतो, आणि म्हणूनच मॅस्टोडॉनच्या वादातील त्यांच्या शब्दाला वजन आहे.

स्वतः मॅस्टोडॉनवर सक्रिय असलेल्या बास्टियन यांनी जानेवारी २०२३ मध्ये कोट ट्वीटविषयी जे काही संशोधन उपलब्ध होते त्याचा धांडोळा घेऊन तो प्रसिद्ध केला. ज्या विषयावर अभ्यासच झालेला नाही असे दोन्ही बाजू धरून चालल्या होत्या, त्यावर त्यांना ३० हून अधिक अभ्यास सापडले. विद्वेष आणि झुंडशाही हाच या सोयीचा मुख्य उपयोग आहे, या समजुतीला त्या अभ्यासांतून आधार मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. या विषयावरील आरंभीच्या शोधनिबंधांपैकी एक किरण गरिमेला, इंगमार वेबर आणि मुनमुन डी चौधरी यांचा २०१६ मधला. ही सोय आल्यावर राजकीय चर्चा वाढली आणि अधिक दूरवर पोचली, असे त्यांना आढळले होते.

ट्विटरने नकळत केलेला एक प्रयोगही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, २० ऑक्टोबर २०२० पासून, कोणी दुसऱ्याचे ट्वीट पुढे पाठवू लागले की आधी भाष्याची रिकामी चौकट उघडेल अशी व्यवस्था ट्विटरने केली. माणसे क्षणभर थांबतील आणि विचार करून लिहितील, ही अपेक्षा. डिसेंबरात मागे घेतलेल्या या व्यवस्थेविषयी कंपनीने जाहीर केले की कोट ट्वीट २६ टक्क्यांनी वाढली, परंतु त्यांतील ४५ टक्के एकाच शब्दाची होती आणि ७० टक्क्यांत २५ हूनही कमी अक्षरे होती. दोन्ही मार्गांनी मिळून होणारे एकूण प्रसारण मात्र २० टक्क्यांनी घटले. एका चौकटीने माणसे विचारी झाली नाहीत आणि हिंस्रही झाली नाहीत. ती बहुतांशी एखादा शब्द टाकून पुढे गेली. बटण माणसाचा स्वभाव घडवते या श्रद्धेवर बांधलेल्या दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांना हे आकडे अडचणीचे आहेत.

रोच्को यांनी १ मे २०२३ रोजी आपली भूमिका बदलल्याचे जाहीर केले आणि कोट पोस्ट येणार असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शब्दशोध आला, परंतु ज्यांनी स्वतःहून संमती दिली त्यांच्याच पोस्टपुरता. पुढच्या रचनेचे बीज त्या अटीत दिसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मॅस्टोडॉनने कोट पोस्टचा आराखडा मांडला तेव्हा त्यात तीन हमी होत्या: आपली पोस्ट उद्धृत करू द्यायची की नाही हे लेखक ठरवील, उद्धृत केल्यास त्याला कळवले जाईल, आणि नंतर केव्हाही त्याला आपली पोस्ट त्या संदर्भातून काढून घेता येईल. यांतील काढून घेण्याची सोय ब्लूस्काय या माध्यमाने ऑगस्ट २०२४ मध्येच दिली होती. पण एकमेकांवर हुकमत नसलेल्या हजारो सर्व्हरांत ती पाळली जावी कशी, हा मॅस्टोडॉनपुढचा निराळा आणि अधिक अवघड प्रश्न होता.

त्याचे उत्तर एफईपी-०४४एफ या प्रस्तावात आहे. एफईपी म्हणजे ॲक्टिव्हिटीपबच्या जाळ्यात सुधारणा सुचवण्यासाठी कोणालाही मांडता येणारा मसुदा. त्यानुसार उद्धृत करणाऱ्याचा सर्व्हर मूळ लेखकाच्या सर्व्हरकडे विनंती पाठवतो. लेखकाने आधी ठरवलेल्या धोरणानुसार ती आपोआप किंवा त्याला विचारून मान्य होते. मान्य झाल्यास लेखकाचा सर्व्हर परवानगीचा एक शिक्का तयार करून त्याचा पत्ता परत धाडतो, आणि हा पत्ता त्या कोट पोस्टला जोडला जातो. पुढे ती पोस्ट तिसऱ्या कोणा सर्व्हरवर पोचली की तो सर्व्हर चौकट दाखवण्यापूर्वी शिक्का खरोखर तेथे आहे का, हे मूळ ठिकाणी जाऊन पडताळतो. लेखकाने परवानगी मागे घेतली म्हणजे शिक्का नष्ट होतो, त्याची वार्ता इतरत्र जाते आणि चौकट रिकामी होते. भाष्य करणाऱ्याचे शब्द मात्र जागेवर राहतात. दोघांपैकी कोणाचेही लेखन दुसऱ्याच्या मर्जीने पुसले जात नाही, हा या रचनेतील सर्वांत सुंदर भाग आहे.

तिच्या मर्यादाही ठळक आहेत. जपानमध्ये घडलेल्या मिस्कीसारख्या प्रणालींत अवतरणाची सोय फार आधीपासून आहे आणि ती परवानगी मागत नाही. मॅस्टोडॉनवर लिहिलेले तेथे पोचले की शिक्क्याचे बंधन ते सर्व्हर मानतील तेवढेच. स्क्रीनशॉट काढून टीका करणाऱ्यालाही कोणताच शिक्का लागत नाही, आणि त्यात मूळ लेखकाला कळण्याचीही सोय नसते. कोट पोस्टवरील बंदीच्या काळात असे स्क्रीनशॉट फिरतच होते. शिवाय सत्ताधाऱ्यांच्या विधानावर बोट ठेवू पाहणाऱ्याला तो सत्ताधारीच परवानगी नाकारू शकतो, हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. अशा वेळी नुसता दुवा देऊन लिहिण्याची वाट मोकळी असली, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मूळ शब्द राहत नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये ही सोय मॅस्टोडॉनने स्वतः चालवलेल्या सर्व्हरांवर सुरू झाली आणि नोव्हेंबरातील ४.५ आवृत्तीबरोबर सर्वांसाठी खुली झाली. त्याच महिन्यात रोच्को यांनी प्रमुखपद सोडले आणि कारभार संस्थेच्या हाती दिला. नव्या रचनेने छळ वाढला की घटला, हे ट्विटरने २०२० मध्ये मोजले तसे एका झटक्यात मोजता येणार नाही, कारण येथे सर्वांसाठी एकदम बटण लावणारा किंवा काढणारा कोणीच नाही. नवी आवृत्ती केव्हा बसवायची हे प्रत्येक सर्व्हरचा चालक स्वतः ठरवतो. परंतु नेमक्या याच कारणाने आधी आवृत्ती बसवलेले आणि मागाहून बसवलेले सर्व्हर शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील, आणि दिलेला प्रत्येक शिक्का लेखकाच्या सर्व्हरवर असल्यामुळे किती परवानग्या दिल्या गेल्या व किती मागे घेतल्या गेल्या, हे चालकांच्या आणि सदस्यांच्या संमतीने मोजता येईल. बास्टियन यांनी जमवलेले अभ्यास एका मालकाच्या माध्यमावर, लेखकाला नकाराचा अधिकार नसताना झालेले होते. तो अधिकार असताना माणसे एकमेकांची वाक्ये कशी उचलतात, याचा अभ्यास मॅस्टोडॉनच्या चालकांनी आणि विद्यापीठांनी मिळून आता हाती घेतला पाहिजे.